ताराक्काचा बिब्बा आणि आमचा उजेड

माझं काम अंधारात गोष्टी सांगायचं होतं आणि त्याचा मला रीतसर पगार मिळायचा. पदाचं नाव अर्थातच वेगळं होतं. ‘तंत्रज्ञ, न्यूक्लिअर मेडिसिन’ हे असं भारदस्त नाव ऐकून आमच्या शेजारच्या काकूंनी मी बॉम्ब बनवते असा समज करून घेतला होता. तो मी बरेच दिवस दूर केला नाही. त्या काळात आमच्या दारात कुणी गाडी लावत नसे.

मी मूळची दौंडची. रेल्वे कॉलनीत वाढले. लग्न होऊन शिरूरला आले. शिरूरच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून एका ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, तिथं काही वर्षं एक मशीन आलं होतं. बायकांच्या छातीतली गाठ साधी आहे की वाईट, हे एकाच वेळी दोन वाटांनी तपासणारं मशीन. एक वाट उजेडाची, दुसरी किरणांची. ते अजून अभ्यासाच्या पायरीवर होतं. म्हणजे मशीन बायकांना तपासत होतं आणि आम्ही मशीनला. आता ते मशीन गेलं, आणि त्या खोलीत जादा खाटा रचून ठेवल्यात. मी दुसऱ्या विभागात गेले. तिथं दिवे लख्ख असतात आणि गोष्टी ऐकायला कुणाला वेळ नसतो.

हे लिहायला बसले ती ताराक्कासाठी. कवठे येमाईची ताराक्का. तिच्या डाव्या छातीत गाठ होती. त्या गाठीवर बिब्ब्याचे काळे ठिपके होते, आणि ते तिनं स्वतःच्या हातानं दिलेले होते. ती गाठ आम्हाला वेळेत दिसते की नाही, एवढीच ही हकीकत. पण मला कुठलीच गोष्ट सरळ सांगता येत नाही, हे माझा नवरा तुम्हाला सांगेल. म्हणून आधी मशीन.

लहानपणी टॉर्चवर तळहात ठेवून तो लावलाय का कधी? हात आतून लालभडक दिसतो. आमच्या मशीनचा पहिला भाग म्हणजे तोच टॉर्च, फक्त जरा शिकलेला. दोन पारदर्शक पाट्यांच्या मध्ये छाती हलकेच धरायची. दुखेल असं दाबायचं नाही, नुसतं धरायचं. एका बाजूनं तांबडा उजेड सोडायचा आणि पलीकडे किती पोचला ते मोजायचं. रक्त उजेड पिऊन टाकतं. वाढणाऱ्या गाठीला रक्ताची हाव असते, ती आजूबाजूच्या शिरा स्वतःकडे ओढून घेते, म्हणून तिथं उजेड कमी पडतो आणि पडद्यावर सावली दिसते. अडचण अशी की शरीरात शिरलेला उजेड सरळ चालत नाही. पहाटेच्या धुक्यात गाडीचा दिवा कसा पसरतो, तसा तो आत पसरतो. सावली आहे हे कळतं, पण तिच्या कडा कळत नाहीत, आणि ती कशामुळे पडली हेही नक्की सांगता येत नाही.

दुसरा भाग त्यासाठी. हाताच्या शिरेत एक इंजेक्शन द्यायचं. त्यातलं औषध किंचित किरणोत्सारी असतं आणि ज्या पेशी जास्त राबतात त्यांच्याकडे ते धाव घेतं. वाईट गाठीतल्या पेशी रात्रंदिवस राबत असतात. मग तिथून किरणं बाहेर येतात आणि पाटीला लावलेला कॅमेरा ती टिपतो. इथं बाहेरून काही सोडायचं नाही. जे येतं ते बाईच्या आतूनच येतं, आपण फक्त झेलायचं. पडद्यावर एकेक ठिपका पडत जातो, संध्याकाळी एकेका घरात दिवा लागावा तसा.

मग दोन्ही चित्रं एकावर एक ठेवायची. जिथं रक्तही जास्त आणि राबणंही जास्त, तिथं आमच्या मॅडमचं बोट थांबायचं. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या मुख्य डॉक्टर. कमी बोलायच्या. बहुतेक म्हणूनच त्यांनी मला निवडलं असावं.

पण चित्रावर चित्र नेमकं बसायचं तर बाईनं जागचं हलता कामा नये. एकेका चित्राला चहा करून, गाळून, पिऊन होईल एवढा वेळ लागायचा. खोलीत मिट्ट काळोख, कारण बाहेरचा उजेड आत आला की आमच्या टॉर्चचा हिशेब बिघडतो. पाबळच्या एक आजी दारातच थबकल्या होत्या. “अंधार कशाला गं? आतमंदी फोटू धुवायलेत का?” अशा अंधारात, अंगावर हॉस्पिटलचा सैल गाऊन, छाती पाट्यांमध्ये धरलेली, अशी बाई स्थिर बसवायची कशी? माझं उत्तर होतं गोष्ट. पण गोष्टही मोजून मापून. बाईला कंटाळा येता कामा नये, कारण कंटाळलेली बाई खांदा हलवते. झोप येता कामा नये, कारण झोपेत अंग सैल पडतं. रडू येता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हसू येता कामा नये.

हा शेवटचा नियम माझ्यामुळेच झाला. दौंडला जयंतीच्या नाटकात मी लहानपणी शिपाई व्हायचे. एका वर्षी डिंकानं चिकटवलेली माझी मिशी ऐन संवादात उडाली ती थेट पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या हारात जाऊन पडली. पाहुण्यांना वाटलं सुरवंट. ते खुर्चीवर उभे राहिले, त्यांना बघून मागचे उभे राहिले, आणि सगळ्या मंडपाला वाटलं की नाटक एवढं रंगलं की लोक उठून मानवंदना देतायत. टाळ्या थांबेनात. ही गोष्ट मी केंदूरच्या एका बाईंना मशीनमध्ये सांगितली. त्या बिचाऱ्या हसू दाबून दाबून थरथरायला लागल्या, आणि पडद्यावर एका गाठीच्या तीन झाल्या. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, “ती मिशी या खोलीत परत आणायची नाही.”

इंजेक्शनचं औषध हा आणखी एक तमाशा. ते साठवून ठेवता येत नाही. दर सहा तासांनी निम्मं होतं, मग त्याच्या निम्मं. सकाळी शिशाच्या जाड डब्यात बंद होऊन पुण्याहून गाडीनं यायचं. शिक्रापूरला वाहनांची कोंडी झाली की इकडे माझा जीव वरखाली. ड्रायव्हर फोनवर सांगायचा, “म्याडम, गाडी हालत न्हाई.” मी म्हणायचे, “बाबा, गाडी हालत नाही, पण औषध चाललंय.” एकदा इतका उशीर झाला की बसलेल्यांपैकी अर्ध्या बायका परत पाठवाव्या लागल्या. त्यांना कारण सांगितलं, तर एक जण दुसरीला म्हणाली, “पुण्याचं दूध बी असंच येतंय, निम्मं.”

दौंडला आम्ही फक्त उजेडाचा भाग घेऊन जायचो. तो टेम्पोत मावायचा. ज्यांच्या चित्रात शंका यायची त्यांना पुढच्या तपासणीला शिरूरला बोलवायचो. माहेरचं गाव, त्यामुळे तिथं माझा तोरा वेगळाच. इंजेक्शननंतर त्या दिवसापुरतं लहान बाळांना कडेवर घेऊ नका, गरोदर बाईजवळ फार वेळ बसू नका, असं सांगावं लागतं. शिरूरला आलेल्या दौंडच्या एका बाईंना मी हे सांगितलं. घरात तीन नातवंडं, सून नोकरीला. बाईंचे डोळे चमकले.

“एकच दिवस?”

“एकच दिवस, मावशी.”

“सुनंला फोन लावा आन् आठ दिवस सांगा की.”

“खोटं कसं सांगू?”

“बरं,” त्या जरा विचार करून म्हणाल्या, “मंग परत कवा टोचणार?”

देवाशपथ सांगते, त्यांचं चित्र अगदी स्वच्छ निघालं, तेव्हा त्या हिरमुसल्या होत्या.

आता ठिपके.

शिरूरकडच्या गावांतून बायका यायला लागल्या तेव्हा उजेडाच्या चित्रांत एक भानगड सुरू झाली. काहींच्या छातीवर काळे ठिपके होते. मधे एक, भोवती चार, रांगोळीचे ठिपके मांडावेत तसे नेटके. बिब्बा. शहरातल्या वाचकांसाठी सांगते. बिब्बा हे रानातलं काळं फळ. ते दिव्यावर धरून गरम केलं आणि दाभण टोचलं की काळं तेल बाहेर येतं. जिथं दुखतं तिथं त्या तेलाचा ठिपका द्यायचा. ठिपका काळाकुट्ट पडतो आणि कैक दिवस जात नाही. कुणाकुणाला बिब्बा उततो, म्हणजे कातडी सुजते, फोड येतात, पाणी सुटतं. टाच दुखली, कंबर धरली, की बिब्बा. छातीत गाठ हाताला लागली तरी बिब्बाच.

काळं म्हणजे उजेडाचा शत्रू. ठिपक्याशी आमचा टॉर्च थांबायचा. पडद्यावर नुसता डांबराचा डाग. त्यातून बिब्बा उतला असेल तर तिथं रक्त आधीच जमलेलं. म्हणजे सावली गाठीची की बिब्ब्याची, हे देवालाही सांगता आलं नसतं. किरणांना मात्र ठिपक्याचं काही वाटत नाही. ती आतून येतात आणि काळ्या कातडीतून सरळ बाहेर पडतात. पण आमचा अभ्यास दोन्ही चित्रांच्या जोडीचा होता. एक चित्र नासलं की ती बाई अभ्यासातून बाहेर. नियम कागदावर बरोबरच होता. पण प्रत्यक्षात त्यानं काय केलं पाहा. जिला काही लागलंच नाही ती बाई स्वच्छ कातडी घेऊन आत यायची आणि तपासून जायची. जिच्या हाताला गाठ लागली होती, तिनं आधी बिब्बा लावलेला असायचा, आणि तिला आम्ही ‘डाग गेल्यावर या’ म्हणून परत पाठवायचो. जिच्यासाठी मशीन आणलं तीच दाराबाहेर. तिला दुसऱ्या साध्या तपासण्यांची चिठ्ठी द्यायचो, पण ती चिठ्ठी घेऊन कितीजणी पुढं जायच्या?

मी मॅडमपुढं यावर भाषण ठोकलं. चांगलं रंगलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “मग बिब्बा थांबव.”

ठिपक्यांची मांडणी सगळीकडे एकच होती, म्हणजे हातही एकच होता. बायकांना विचारलं तर सगळ्यांनी एकच नाव घेतलं. मी एका सुट्टीच्या दिवशी कवठे येमाईला गेले, भांडायच्या तयारीनं. वाटेत संवाद पाठ केले.

ताराक्का शेडमध्ये बसून शेवंती निवडत होती. साठीच्या आसपासची, किडकिडीत, नाक तरतरीत. भोवती सात-आठ बायका आणि फुलांचा ढीग. मी आत शिरले तेव्हा ती गावच्या कुणा पुढाऱ्याची नक्कल करत होती, आणि मला मान्य करावं लागेल, फर्मास करत होती.

“कुठनं आलात?” तिनं नक्कल न थांबवता, पुढाऱ्याच्याच आवाजात विचारलं.

“शिरूरवरनं. छाती तपासायचं मशीन आहे ना, तिथनं. ताराक्का तुम्हीच का? तुमच्या ठिपक्यांनी माझी चित्रं नासवली.”

“माझ्या ठिपक्यांनी बायांची दुखणी गेली. तुमची चित्रं गेली तर जाऊंद्या की!”

बायका खदाखदा हसल्या. पहिला डाव तिचा. माझे पाठ केलेले संवाद कुठल्या कुठं गेले. मी पर्समधून मोबाइल काढला, टॉर्च लावला आणि तिच्या सुनेला, मनीषाला, अंगठा त्यावर ठेवायला सांगितला. अंगठा लाल पेटला. मग काजळाचं बोट घेऊन अंगठ्यावर मोठा ठिपका दिला आणि परत टॉर्चवर ठेवला. काळा भोपळा. बायका पुढं सरकल्या.

“हे माझं मशीन,” मी म्हटलं. “तुमच्या ठिपक्याखाली काय आहे ते याला दिसत नाही. तुम्हाला दिसतं का, आक्का?”

ती अंगठ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ठेवणीतलं काहीतरी काढणार. पण तिनं खरं उत्तर दिलं.

“मला कुठलं दिसायला? मी वरनं देती. आत काय ऱ्हातंय ते ज्येचं त्येला.”

मग तिनं ओंजळभर शेवंती उचलली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “आजपास्नं छातीला बिब्बा न्हाई. पायाला दीन, कंबरंला दीन. छातीला आधी फोटू. ही फुलं हातात घिऊन सांगती. ज्या बाईला छातीवर बिब्बा पायजे तिनं दुसरं गाव बघावं.”

त्या दिवसापासून ती आमची सगळ्यात मोठी मदतनीस झाली. जीप भरून बायका आणायची. स्वतः बाहेर बाकावर बसायची आणि आतून आलेल्या प्रत्येकीला विचारायची, “आज कंची गोष्ट सांगितली?” आणि मग ती गोष्ट माझ्याच आवाजात, माझ्याच हातवाऱ्यांसकट बाकीच्यांना करून दाखवायची. मी दाराआडून बघायचे. माझं नाक मी इतक्यांदा पुसते हे मला तिच्याकडून कळलं. तिनं आणलेल्या बायकांपैकी दोघींच्या गाठी आम्हाला फार लवकर सापडल्या. बारीक, ज्वारीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या. दोघींवर वेळेत उपचार झाले आणि दोघी आज बाजाराला जातात. मॅडमनी ताराक्काला खोलीत बोलवून चहा पाजला. मॅडम कुणाला चहा पाजत नाहीत.

“आक्का, आता तुम्ही पण या की मशीनमध्ये,” मी दर खेपेला म्हणायचे.

“माझ्या छातीत काय ऱ्हायलंय आता? मशीनला शोधाय लागंल,” ती म्हणायची, आणि बाकावरच्या सगळ्या बायका हसायच्या. मीही हसायचे. जरा जास्तच मोठ्यानं हसायचे, असं आता वाटतं.

दिवाळीच्या फुलांची घाई सरली आणि ताराक्का पुन्हा बायका घेऊन आली. या वेळी मनीषा बरोबर होती. मी पाणी प्यायला बाहेर आले, तर ती माझ्या मागोमाग नळापाशी आली. आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, “म्याडम, आत्याबाईंच्या ब्लाऊजला डाग पडतुया. डावीकडं. धुवायला टाकत न्हाईत, सवताच धुत्यात. मी बघितलं तर शिव्या दिल्या.”

मी बाकावर गेले. ताराक्का नक्कल करत होती. मी तिचा हात धरला आणि आत नेलं. ती तोंडानं “अवं, बायका ऱ्हायल्यात की” म्हणत होती, पण हात सोडवून घेत नव्हती. पडदा ओढला. पदर तिनंच बाजूला केला.

मधे एक, भोवती चार. नेटके. बिब्बा उतला होता, फोड फुटले होते, आणि त्याखाली जे होतं ते हाताला सहज लागत होतं.

“कधीपासून, आक्का?”

“संक्रांतीला बारीक हुती. चिंचोक्यायेवढी. वाटलं आपल्याच हाताला येश येतंय, जिरंल.”

“माझ्याकडं का नाही आलात? दर खेपेला इथं येत होतात. बाहेर बसत होतात!”

“बिब्बा दिऊन बसले हुते. मग कुठल्या तोंडानं येऊ? समद्या बायांम्होरं फुलं हातात घिऊन बोललेली बाई मी.” मग खालच्या आवाजात, “वाटलं डाग गेला की येऊ. डाग जायचा, आन् गाठ तशीच. मग परत द्यायची.”

तिनं बायकांना दिलेला शब्द बायकांनी पाळला होता. त्याच शब्दानं तिला बाहेर बाकावर बसवून ठेवलं होतं.

मी मॅडमना बोलावलं. त्यांनी तपासलं. मी नियमाचं काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, “अभ्यासात धरू नकोस. बाईला धर. औषध आहे का शिल्लक?” त्या दिवशी शिक्रापूरला रस्ता मोकळा होता. औषध होतं.

उजेडाचं चित्र आधी घेतलं, केवळ रीत म्हणून. पडदा काळा. मग उजव्या हाताला इंजेक्शन दिलं, थोडा वेळ बसवलं आणि तिला पाट्यांमध्ये घेतलं. फोडांवर मलमाची जाळीदार पट्टी ठेवली, हलकेच धरलं. दिवे घालवले.

“गोष्ट सांगा की,” अंधारातून आवाज आला. “ती मिशीची.”

“ती या खोलीत बंद आहे, आक्का. तुम्ही हसाल आणि चित्र हलेल.”

“न्हाई हसणार. केंदूरच्या बाईनं समद्यांना सांगितली, म्याच ऱ्हायले.”

मग मी सुरुवात केली. दौंडचा मंडप, डिंक, खाकी चड्डी, माझे वडील पहिल्या रांगेत बसलेले. पडदा माझ्या बाजूला होता, तिला दिसत नव्हता. ठिपके पडायला लागले. एक इथं, एक तिथं. मी पाहुण्यांना आणून खुर्चीत बसवलं, त्यांच्या गळ्यात हार घातला. ठिपके एका जागी जमायला लागले. मी संवाद म्हटला, तलवार उपसली. डावीकडे मधोमध एक दिवा लागला, आणि तो मोठा होत गेला. मिशी उडाली. दिवा पांढरा झाला. पाहुणे खुर्चीवर चढले. आणि काखेत, जिथं काही असायला नको होतं, तिथं दुसरा दिवा लागला. मग त्याच्या शेजारी तिसरा, बारका. मी टाळ्या वाजवल्या, म्हणजे गोष्टीतल्या लोकांनी वाजवल्या. गोष्ट शेवटपर्यंत नेली. एक वाक्य गाळलं नाही. ती हसली नाही. जराही हलली नाही. चित्र एवढं स्थिर आलं की शिकवायला वापरावं.

दिवे लावले. गाऊन सारखा करत ताराक्का माझ्याकडं बघत होती.

“म्या हसू दाबायची तयारी करून बसले हुते,” ती म्हणाली. “दाबायची येळच आली न्हाई.”

मी पाट्या पुसायला घेतल्या.

“लय वंगाळ सांगितलीस आज.” पहिल्यांदाच तिनं मला अगं-तुगं केलं. “किती हायत?”

“मॅडम सांगतील, आक्का.”

“म्हंजी एकाहून जास्त,” ती म्हणाली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. मी दाराआडून बघितलं. त्या दिवशी तिनं कुणाची नक्कल केली नाही.

पुढचं अशा दुखण्यात जसं होतं तसंच झालं. सुईनं तुकडा काढून तपासला, रोगाचं नाव कळलं. पुण्याला ऑपरेशन, मग औषधांच्या फेऱ्या. केस गेले. मधे काही महिने ती बरी होती. एकदा गजरा घेऊन मला भेटायला आली, म्हणाली, “मला आता घालायला जागा न्हाई, तू घाल.” मग पाठ दुखायला लागली. पाठीला तिनं बिब्बा लावला नाही. सरळ आमच्याकडे आली. पण दुखणं हाडांत उतरलं होतं.

तोपर्यंत मशीन परत जायची वेळ झाली होती. अभ्यास संपला. चित्रं मोजली, जोड्या लावल्या, मॅडमनी अहवाल लिहिला. माझं नाव शेवटी आभारात आहे. ताराक्का कुठंच नाही. ती ज्यांना घेऊन आली त्या सगळ्याजणी त्यात आहेत, आणि ती नाही, कारण तिची जोडी पूर्ण झाली नव्हती. अहवालात एक वाक्य आहे की कातडीवर डाग असलेल्या बायका वगळल्या. मी ते वाक्य कितीदा वाचलं असेल. त्यात चुकीचं काही नाही.

शेवटची भेटले ते उन्हाळ्यात. शिरूरहून कवठ्याला जाताना रस्त्याकडेची शेतं नांगरून पडलेली होती. ताराक्का ओसरीत खाटेवर होती. मनीषानं उशा लावून तिला बसवलं आणि चुलीकडं गेली. आवाज बारीक झाला होता, नाक तेवढंच तरतरीत. इकडचं तिकडचं झालं. त्या दोघी बायका बऱ्या आहेत का, तिनं विचारलं. बऱ्या आहेत, मी म्हटलं. मॅडम बोलतात का आता, तिनं विचारलं. नाही, मी म्हटलं. ती हसली.

“एक इचारू?” ती म्हणाली. “त्या संक्रांतीला बारीक हुती. तवाच आले असते, बिब्बा न लावता, तर तुझ्या उजेडाला दिसली असती का?”

दिसली असती. त्याहून बारीक आम्ही पाहिल्या होत्या. तिनंच आणलेल्या बायकांच्या. उजेडानं सावली दाखवली असती, किरणांनी दिवा लावला असता, दोन्ही एकावर एक बसलं असतं आणि मॅडमचं बोट तिथं थांबलं असतं. काखेत तेव्हा बहुतेक काही नसतं.

“नाही, आक्का,” मी म्हटलं. “एवढी बारीक उजेडाला दिसत नाही. मशीनला पण मर्यादा असते. तुम्ही तेव्हा आला असता तरी काही फरक पडला नसता.”

मी ते चांगलं सांगितलं. डोळ्याला डोळा देऊन, मान हलवून, आवाज न पाडता. आयुष्यभराची सगळी करामत त्यात ओतली. ताराक्कानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मान वळवली आणि आत हाक दिली.

“मनीषा, म्याडमना जेवाय वाढ गं. शिरूरवरनं खोटं बोलाया आल्यात, उपाशी नगं धाडू.”